पाहुण्यांसाठी दोन पानी नियम

सुप्याला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक खोली, एक फळा आणि माझ्या बाजूलाही ब्रेक असलेली एक जुनी गाडी. वीसेक वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. लायसन्स हातात पडलं की त्यातले बहुतेक जण मी शिकवलेलं सगळं विसरूनच रस्त्यावर येतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी पुस्तकातलं शिकवायचं आणि रस्त्याने त्यांना रस्त्याचं शिकवायचं, अशी आमची वाटणीच झाली होती.

मग एका कारखान्यातून निरोप आला. बाहेरच्या देशातले इंजिनिअर येणार होते, सहा-सहा महिने राहणार होते. त्यांच्यासाठी इथल्या वाहतुकीची माहिती लिहून हवी होती. माझी छाती फुगली. आयुष्यभर गीअर आणि क्लच सांगणाऱ्या माणसाला कुणी लिहायला सांगत नाही. दोन दिवस खपून मी दोन पानं लिहिली, कारखान्याने ती इंग्रजीत करून भिंतीवर लावली.

आमच्याकडे पाहुणा दारात आला की घरातलं भांडण जिथल्या तिथे थांबतं. फाटकी वाकळ आत जाते, नवी चादर बाहेर येते आणि तीन महिने न बोललेले भाऊ शेजारी बसून चहा पितात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती दोन पानं तशीच लिहिली. स्वतःच्या देशाचा परवाना आणि तिथूनच काढून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत, हे लिहिलं ते खरं होतं. वाहन डावीकडून चालवावे, हेही खरं, कागदापुरतं. पुढे माझी लेखणी मोकाट सुटली. एसटी स्वस्त आणि सुरक्षित, असं लिहिलं. थांब्यावर हात केला तरी ती कधीकधी तशीच पुढे जाते, हे लिहिलं नाही. जीप गावोगाव जाते म्हणालो, पण तिच्यात माणसं किती कोंबतात आणि मग ड्रायव्हर स्वतः कुठे बसतो, ते गाळलं. भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट मिळते, ती सगळ्यांत सोयीची, हेही लिहिलं. तिथेच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. शेवटी लिहिलं: पांढऱ्या पट्ट्यांपाशी पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. गाडी थांबवावी व त्यांना जाऊ द्यावे.

आलेल्यांपैकी एका बाईंनी ड्रायव्हर नको म्हणून सांगितलं. पस्तिशीच्या असतील. त्यांच्या देशात उजवीकडून गाडी चालवतात, म्हणून डावीकडची सवय करायला त्या माझ्याकडे आल्या. सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पंधरा दिवस आम्ही सकाळी रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यांवर आणि नंतर पुणे-नगर हायवेवर फिरलो. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यांचं मराठी चार शब्दांचं, पण गाडी शिकायला तेवढं पुरतं. इतका गुणी विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नाही. मी एकदा सांगितलं की त्या ते कायमचं धरायच्या.

पहिल्यांदा त्या पट्ट्यांपाशी थांबल्या तेव्हा मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

"हे का वाजवतायत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नवीन माणूस दिसला की आमच्याकडे शुभेच्छा देतात."

त्या खळखळून हसल्या. मीही हसलो. मग त्यांनी सरळच विचारलं, "इथले लोक खरंच थांबतात ना? तुम्ही थांबता?"

"नेहमी," मी म्हणालो.

किती सहज गेलं ते तोंडातून! मी कधीच थांबत नाही. इथे कोण थांबतं? आपण हॉर्न वाजवायचा, पायी माणसाने दुभाजकाला चिकटून उभं राहायचं आणि गाड्यांत फट दिसली की पळायचं. हा आमचा खरा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण लहान लेकरालाही पाठ आहे. त्या परक्या बाईला हे सांगायची मला लाज वाटली. आपला देश तिला चांगला दिसावा एवढीच माझी इच्छा होती, आणि एवढ्या इच्छेपायी एक बाई गेली.

शिकवणी संपून आठवडा झाला असेल. सकाळच्या पाळीची वेळ होती. कारखान्यात झाडलोट करणाऱ्या एक मावशी हायवे ओलांडायला दुभाजकाजवळ उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी. मॅडमचं ऑफिसही त्याच झाडायच्या, त्यामुळे दोघींची ओळख होती. मॅडमने पट्ट्यांच्या अलीकडे गाडी थांबवली. मावशी हलल्या नाहीत. बारा वर्षं त्या तो रस्ता ओलांडत होत्या, त्यांच्यासाठी कधी गाडी थांबली नव्हती. मग मॅडमने काचेतून हात केला, या, या. समोर चहाच्या टपरीवर जे होते त्यांनी हे सगळं पाहिलं. मावशी हसल्या म्हणे. पदर सावरून, जरा लाजत, त्या गाडीपुढून निघाल्या. मागून कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो आला आणि थांबलेल्या गाडीवर आदळला. गाडी पुढे फेकली गेली.

मी पोचलो तेव्हा मावशींना नगरला हलवलं होतं. त्या वाटेतच गेल्या. मॅडमचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि त्या रस्त्याच्या कडेला बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी थांबले होते. मी थांबले होते." टेम्पोवाला कपाळाला हात लावून बसला होता. "पुढची गाडी मधीच थांबंल, हे मला काय ठावं?" असं तो ज्याला त्याला विचारत होता, आणि भोवतीची माणसं मान हलवत होती. त्याचं बोलणं कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि त्या क्षणी मी मनातून खचलो.

पुढे जे व्हायचं ते झालं. टेम्पोवाल्यावर केस झाली. बाहेरच्या पाहुण्यांनी गाडी चालवायची नाही असा कारखान्याने हुकूम काढला, पण माझी दोन पानं भिंतीवरून काढायचं कुणाला सुचलं नाही. मला स्कूल उघडावंसं वाटेना. फळ्यावर पट्टे काढायचो आणि पुसायचो. थांबा म्हणून शिकवावं तर हे असं, आणि थांबू नका म्हणून शिकवायचं तर खडू कुठल्या तोंडाने धरायचा? यातून वाट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

महिन्याभराने मॅडम मायदेशी परत निघाल्या. जाण्याआधी त्यांना मावशींच्या घरी जायचं होतं. कारखान्यातले नको म्हणत होते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. बोलणं समजावून सांगायला त्यांना माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. भिंतीवर हार घातलेला फोटो. मावशींचे यजमान एकटेच होते. हायवेच्या त्याच वळणावर एका गोदामाच्या गेटवर ते वॉचमन आहेत. त्यांनी सतरंजी अंथरली, पाणी दिलं. मॅडमने आणलेली पिशवी त्यांनी फोटोखाली ठेवली, आत काय आहे ते पाहिलं नाही.

मग ते मला म्हणाले, "मास्तर, बाईंला एकच इचारा. गाडी थांबीवली, ते समजलं. पर हात कशापायी केला? आमची मान्सं गाड्या गेल्याबिगर रस्त्यात पाय टाकीत न्हाई. ती बी टाकीत नव्हती. बोलावलं म्हून गेली."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम त्यांच्याकडे बघतच म्हणाल्या, "कारण तोच नियम आहे. मला यांनी शिकवला. इथे सगळे थांबतात, हे स्वतःही नेहमी थांबतात, असं यांनी सांगितलं होतं. मागचाही थांबेल असं मला वाटलं."

मी अर्धंच सांगितलं. "त्या म्हनत्यात, नियमच तसा हाय."

"त्यांला नियम कुनी सांगितला?"

"मी."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मास्तर," ते म्हणाले, "मी रोज त्या गेटावं उभा ऱ्हातो. तुमची गाडी रोज बगतो. लई वर्सं झाली बगतोय. तुमी कवा थांबलात?"

"काय म्हणतायत ते?" मॅडमने विचारलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. नवरा ऐकत होता, फोटो समोर होता, आणि खोटं कुणी बोललं होतं हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "ते म्हणतायत, तुमची काही चूक नाही."

ती ढसाढसा रडली. गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला हात कसाबसा दुसऱ्या हाताला टेकवून तिने त्यांना नमस्कार केला, आणि आभार मानत राहिली. त्यांना काही कळेना. आभार मानावेत असं आपण तर काहीच बोललो नव्हतो. त्यांनी आधी तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोवर मी उठून दारात चपला शोधत होतो.