इमरतीचा चौथा दिवस

...तेच तर सांगून राहिले न, आमच्या समोरच्या क्वार्टरातल्या सत्यवतीचं. लिही तू, मी बोलते तसंच लिही.

तर ती कुत्री. सात वर्षांपूर्वी सत्यवतीचा नवरा मुरलीधर बाजारातल्या कमानिया गेटहून स्कूटरवर घेऊन आला होता, एवढीशी. झोपली की अशी जिलबीसारखी गोल गोल वळून झोपायची, म्हणून मिठाईचंच नाव, इमरती. तेव्हाच डॉक्टर बोलला होता, हिचं ऑपरेशन करून टाका. पण मुरलीधर म्हणे, "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला." सासू सुहासिनीबाई म्हणाल्या, "देवानं दिलेलं काढून घ्यायचं, पाप नाही का?" सत्यवती गप्प बसली. तेव्हा गप्प बसायचीच ती.

आता हे बघ, आपल्या घरांत बाईला अडचण आली की ती वेगळी बसते. सुहासिनीबाईंनी तोच नियम कुत्रीला लावला! आषाढात इमरतीच्या अंगावरून जायला लागलं, तर तिचं पोतं मागच्या व्हरांड्यात, वाटी वेगळी, कोणी शिवायचं नाही. चौथ्या दिवशी सत्यवतीनं तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं आणि घरात घेतलं. पुन्हा थेंब पडले, पुन्हा पोतं बाहेर. अगं, कुत्रीला का महिन्याच्या महिन्याला येतं? वर्षातून दोनदा येतं, दोन-तीन आठवडे चालतं आणि थांबतं. पण घरात सगळे चौथा दिवस मोजून राहिले. श्रावण गेला, भादवा आला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सत्यवती सोवळ्यात पुरण वाटून राहिली होती. खिडकीतून नजर गेली. इमरती उठायला बघे, मागचे पाय लटपटत. पोट टम्म. चार दिवसांपासून पोळी हुंगून सोडे, पाणी मात्र तीन-तीनदा वाटी भरून पिई. पोत्यावर विटकरी डाग, आणि वास असा की पुरणाच्या वासातूनही आला.

सत्यवतीचा हात थांबला. मुलाच्या, आलोकच्या बाळंतपणानंतर तिच्या स्वतःच्याही अंगावरून पाच महिने असंच जात होतं. सगळे म्हणायचे, बायांचं असतंच. नळावर चक्कर येऊन पडली, घागर फुटली, तेव्हा कुठं दवाखाना.

ती उठली आणि व्हरांड्याचं दार उघडलं.

"सत्यवती! शिवलीस तर सगळा सैपाक वाया जाईल!"

"जाऊ द्या."

"अगं, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली. उद्या न्हाऊ घाल तिला, थांबेल."

"दोन महिने न्हाऊ घालून राहिले, सासूबाई. थांबलं का?"

आणि तिनं इमरतीला उचललं. सोवळ्याच्या रेशमी पातळाच्या ओच्यात! पातळ भिजलं. सुहासिनीबाई "अगं अगं" करत राहिल्या. मुरलीधर पेपर घेऊन उभा, म्हणे, "सण आहे, उद्या नेऊ न."

"तुम्ही उद्या या," ती म्हणाली.

रांझीच्या नाक्यावर ऑटोवाला म्हणे, "अम्मा, सीट खराब होगी." ही म्हणाली, "भैया, सीट मैं धो दूँगी. तू चला."

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. पोटाला यंत्र लावून बघितलं आणि म्हणाली, "माताजी, बच्चेदानी में मवाद भर गया है. आज ही निकालनी पड़ेगी. कमजोर है, बेहोशी में खतरा भी है. पर नहीं निकाली तो बचेगी नहीं." गर्भाशयात पू साचला होता गं.

"पहले ही निकाल देते तो?"

"तो ये बीमारी होती ही नहीं. और बच्चे होना जरूरी है, ये किसने कहा आपसे?"

कोणी म्हटलं ते सत्यवतीनं सांगितलं नाही. कागद पुढे ओढला, सही केली. तेवढ्यात मुरलीधरचा फोन, "अगं, विचार करून..."

"झाली सही," म्हणाली आणि ठेवला.

दोन तास बाकावर बसून होती, त्याच पातळात. लोक बघत होते. बघोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, महालक्ष्म्यांची बोळवण व्हायच्या आधी, इमरती घरी आली. पोटावर पट्टी, डोळे अर्धे मिटलेले, पण शेपूट जरा हलली. सैपाक पुन्हा धाकट्या जावेनं, राजश्रीनं केला होता. सुहासिनीबाईंनी पोतं व्हरांड्यात टाकून ठेवलेलं. सत्यवतीनं ते उचललं आणि बैठकीत अंथरलं, थेट महालक्ष्म्यांसमोर.

"अगं, त्या बघून राहिल्या न!"

"बघू द्या. त्याही बायाच आहेत."

सुहासिनीबाईंनी व्हरांड्यातली वाटी उचलून आत आणली. म्हणाल्या, "पाणी कोमट दे तिला."

आता हे लिहिलेलं ज्याच्या हाती पडेल त्यानं एवढं करा बाप्पा. कांचघर मोहल्ल्यात आमच्या ओळखीची श्रद्धा नावाची बाई राहते, पिठाच्या चक्कीमागं. तिच्या कुत्रीच्या अंगावरून महिनाभर जाऊन राहिलं, पाणी ढसाढसा पिते, आणि ती बाई अजून चौथा दिवस मोजते. तिला म्हणावं, मोजणं सोड. आज ने.