बाटलीतली गाय

आमची संकरित गाय आजारी पडली त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. राजेंद्र नगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. मागच्या अंगणात पत्र्याखाली ती उभी असायची. वडिलांनी मिलमधून रिटायर झाल्यावर हौसेनं आणलेली, तिची आई मालवी गाय आणि बाप विलायती वळू. दुधाला उत्तम होती. पण तापानं तिनं चारा सोडला, आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी फुगली.

मी महूकडच्या एका प्रयोगशाळेत गुरांच्या रोगांवर काम करत होते. गाठीला हात लावल्याबरोबर मला संशय आला. सुईनं त्यातला थेंब काढला, काचेवर पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पांढऱ्या पेशींच्या आत निळसर ठिपक्यांचे पुंजके होते. गोचीड चावली की रक्तात शिरणारा परजीवी. त्यावर खात्रीचं औषध तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

आमचे सर हिंदीभाषक, मनानं चांगले पण घाईचे. म्हणाले, "गांठ में से अभी निकाल लो, मरने के बाद किसी काम का नहीं." त्यांना त्या पेशी बाटलीत वाढवून बघायच्या होत्या. आता वडिलांना विचारणं माझ्याकडे आलं.

घरी आले तर वडील गायीजवळ ओलं पोतं घेऊन उभे. मी सांगितलं. त्यांनी पोतं तिच्या पाठीवर पसरलं.

"मतलब, ती वाचणार नाही असं तुम्ही धरूनच चाललायत."

"बाबा, वाचावी म्हणून सगळं करतोय. पण हे आज नाही केलं तर परत होणार नाही."

"तिला दुखेल?"

"सुई टोचेल तेवढं."

"घे मग. पण काय करता ते मला दाखवायचं."

मी गाठीतून थोडा द्रव काढून नेला. दोन दिवसांनी गाय गेली. तिची कालवड त्याच्या आधीच मानपूरला वडिलांच्या मित्राकडे पाठवली होती, आमचं छप्पर गोचिडांनी भरलं होतं म्हणून.

बाटलीतल्या पेशी मात्र वाढत राहिल्या. निरोगी गायीच्या पांढऱ्या पेशी बाटलीत ठेवल्या तर काही दिवसांत संपतात. या संपेनात. एकीच्या दोन होत आणि आतला परजीवीही त्यांच्याबरोबर वाटला जाई. बाटली गच्च भरली की आम्ही थोड्या पेशी नव्या बाटलीत काढायचो.

वडील ते बघायला बसनं प्रयोगशाळेत आले. टोपी हातात धरून ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"या तिच्याच?"

"तिच्याच."

"ती तर गेली. मग या कुणाच्या सांगण्यावरून जगतायत?"

मी म्हणाले, "आतल्या किड्याच्या. तो यांना मरू देत नाही."

"खातात काय?"

"आम्ही पाणी करतो, त्यात क्षार, साखर आणि वासराच्या रक्तातला पातळ भाग."

त्यांनी डोळा वर केला. "वासराच्या?" आणि पुन्हा वाकले नाहीत. परतीच्या बसमध्ये ते खिडकीची काच वर-खाली करत राहिले. त्यानंतर रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आत मला प्रश्न यायचा, "आहेत?"

त्या पेशी कुणाच्या सांगण्यावरून जगतायत, त्याचं नीट उत्तर मला पुढं खूप वर्षांनी वाचायला मिळालं. परजीवी पेशीची जनुकं बदलत नाही, ती गायीचीच राहतात. त्यातली कुठली जागी ठेवायची आणि कुठली झोपवायची, एवढं तो आपल्या हातात घेतो. वाढण्याची जनुकं तो चालू ठेवतो, थांबण्याची बंद. औषधानं परजीवी मारला की त्याच पेशी गप्प होतात आणि काही दिवसांत मरतात. ते वाचलं तेव्हा वडील नव्हते. मी पुस्तक मिटून व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या.

त्या वेळी आम्हाला एवढंच ठाऊक होतं की बाटलीमागून बाटली केली की परजीवीचा जोर कमी होत जातो, आणि अशा मवाळ झालेल्या पेशी टोचल्या तर जनावराला खऱ्या आजारापासून संरक्षण मिळू शकतं. वर्षभरानं प्रयोगशाळेतल्या वासरांवर ते जमलं. मग सर म्हणाले, तुमच्या कालवडीला टोचूया.

वडील ऐकताच उठून उभे राहिले. "आईला ज्यानं मारलं तेच पोरीच्या अंगात घालायचं?"

"तेच, पण आता त्याच्यात तेवढी ताकद नाही."

"नक्की?"

"वासरांना काही झालं नाही. हिचं मी लिहून देऊ शकत नाही, बाबा."

त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "चल," म्हणाले.

मानपूरला मीच इंजेक्शन दिलं. काही दिवसांनी कालवडीला बारीक ताप आला, गाठ किंचित सुजली. वडील मित्राकडे मुक्कामाला राहिले होते. आमरस वाढला तरी ताटावरून उठायचे, गोठ्यात जाऊन तिच्या कानाला हात लावून यायचे. मित्र भावाला हाक मारावी तसं हसून म्हणाला, "अरे भिया, बैठो तो सही." ते बसले आणि लगेच उठले. मी थर्मामीटर पुन्हा पुन्हा लावत होते, आकडा तोच येत होता आणि माझा विश्वास बसत नव्हता. मग ताप उतरला. ती उठून कडब्याकडे गेली तेव्हा वडिलांनी मला जवळ घेतलं, बहुधा लहानपणानंतर पहिल्यांदा.

पुढच्या उन्हाळ्यात आसपासच्या काही संकरित गायी त्याच रोगानं गेल्या. ही चरत राहिली. मी घरी येऊन सांगितलं. वडील खूश झाले, आईला चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "आणि त्या बाटल्या?"

"चालू आहेत."

"थांबणार कधी?"

"आपण खायला द्यायचं बंद करू तेव्हा."

"म्हणजे तिला उपाशी ठेवू तेव्हा," ते म्हणाले, आणि चहा येईपर्यंतही थांबले नाहीत. चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेले, तसेच परत आले, आणि फाटकाशी उभं राहून कडी लावत, काढत राहिले.