रागात बोललेलं एक वाक्य

"साहेब, पाच मिनिटं थांबा. ग्लॅडविन लाइव्ह आहे," मॅनेजर म्हणाला.

मला वाटलं, कुठला सामना चालू आहे. माजिवड्यातल्या त्या ऑफिसच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर फाटकाशी एक उंच माणूस समोर धरलेल्या फोनच्या कॅमेऱ्याशी बोलत उभा होता. मागे अकरा खेळाडू हाताची घडी घालून. तो तावातावाने म्हणत होता, "ज्या क्लबने जितेशला असं टाकलं, त्या क्लबची जर्सी मी मेलो तरी परत घालणार नाही."

मी हसलो. कामगार खात्यात सव्वीस वर्षं समेट अधिकारी होतो. संप झाला की मालक आणि युनियन यांच्यात बसून तडजोड घडवायची, हे आमचं काम. गेटवरची अशी भाषणं मी शेकड्याने ऐकली होती. शहाडच्या बाजूच्या एका कारखान्यात तर एका पुढाऱ्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, पुन्हा या गेटच्या आत पाय टाकणार नाही म्हणून. तेराव्या दिवशी तोच सगळ्यात आधी कार्ड पंच करून आत गेला. कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतं, हे सगळ्यांना कळत होतं.

त्या पुढाऱ्याचा मुलगा आता या फुटबॉल क्लबचा मॅनेजर आहे. वडिलांकडून माझं नाव ऐकून त्याने मला कल्याणहून बोलावलं होतं. फुटबॉलपटू हा कायद्याने कामगार ठरतो का, यावर वकील वर्षभर भांडू शकतात. तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. म्हणून दोन्ही बाजूंना चालेल असा बाहेरचा माणूस म्हणून मी.

तंटा साधा होता. गोलकीपर जितेश म्हात्रे, टिटवाळ्याचा, सरावात पडला आणि त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. सरावाच्या टर्फचे जोड उसवले होते, अशी तक्रार खेळाडूंनी दोनदा केलेली होती. क्लबने करारातलं फिटनेसचं कलम दाखवलं आणि त्याला मोकळं केलं. मग कॅप्टन ग्लॅडविनसह बारा जणांनी सराव बंद केला. मागण्या तीन. जितेशचं ऑपरेशन क्लबने करायचं आणि करार चालू ठेवायचा. टर्फ दुरुस्त करायचं. प्रत्येक सरावाला फिजिओ हजर हवा. मला वाटलं, दोन बैठकांचं काम आहे.

आमची पद्धत जुनीच. दोन बाजू दोन खोल्यांत. मी मधे फिरणार. सही होईपर्यंत कुणीही काहीही बोललं तरी ते धरायचं नाही. माणसाला आधी मोठं बोलू द्यायचं आणि मग हळूच खाली उतरायला जागा द्यायची.

क्लबचे मालक मेहुलभाई, धंद्याने बिल्डर, माणूस वाईट नव्हता. तासाभरात टर्फ आणि फिजिओ मान्य केला. जितेशवर अडले.

"करारात लिहिलंय ना, साहेब?"

"लिहिलंय. पण टर्फबद्दलची तक्रारही लिहिलेलीच आहे. तुमच्याच मेलवर."

"बघू," ते म्हणाले. मालकाचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार. मी तो घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो, तर खेळाडू उठून बूट घालत होते. ग्लॅडविनने फोन माझ्यासमोर धरला. क्लबच्या पेजवर फोटो होता आणि खाली ओळ: 'खेळाडूंनी नमतं घेतलं, लवकरच सराव सुरू.'

"आम्ही कधी नमतं घेतलं, साहेब? तुम्ही सांगितलंत त्यांना?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. पेज चालवणाऱ्या एजन्सीला वाटलं, बैठक आहे म्हणजे चांगलीच बातमी असणार. अर्ध्या तासात पोस्ट काढली. तोवर तिचे स्क्रीनशॉट सगळीकडे पोचले होते. बैठक तिथेच मोडली.

दुसरी बैठक आठवड्याने झाली. या वेळी मेहुलभाई जितेशच्या बाबतीतही तयार होते, पण सही करेनात.

"मला पटतंय. पण खाली लोक काय लिहितील?"

"खाली म्हणजे कुठे?"

"कॉमेंट्समध्ये. म्हणतील, शेठ घाबरला."

त्यांनी वाचून दाखवल्या. त्यातल्या बऱ्याच जणांनी या क्लबची एकही मॅच पाहिलेली नसावी. मी सव्वीस वर्षं दोन बाजूंत तडजोडी केल्या. ही तिसरी बाजू खोलीत नव्हती, तिची काही मागणी नव्हती आणि तिच्याशी बोलायची सोय नव्हती. त्या दिवशी घरी आलो तेव्हा थकलो होतो. बायको म्हणाली, "रिटायर झालायत हे विसरलात का?"

तिसऱ्या बैठकीला मी एकच अट घातली. सह्या होईपर्यंत कुणीही काही टाकायचं नाही, आणि नंतर फक्त एक मजकूर, दोघांच्या संमतीचा. त्यात 'जिंकले', 'हरले', 'माफी' हे शब्द नसतील. हे ठरवायला मागण्यांपेक्षा जास्त वेळ लागला. दुपारी चारच्या सुमाराला सह्या झाल्या. जितेशचं ऑपरेशन, करार पुढच्या सीझनअखेरपर्यंत, टर्फ, फिजिओ. सगळं मिळालं. जितेश कुबडी टेकत आला आणि मेहुलभाईंनी उठून त्याला खुर्ची दिली.

खेळाडूंच्या वतीने ग्लॅडविनने सही केली. पेन ठेवून म्हणाला, "सोमवारपासून अकरा जण येतील. मी नाही."

मी त्याच्या घरी गेलो. ठाण्यातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब. वडिलांनी उभा जन्म शेती केलेली, आता शेताच्या जागी टॉवर. वडिलांनी मला बसवलं, सरबत दिलं. ग्लॅडविन समोर बसला. बत्तीस वर्षांचा असेल. हातात अजून दोन-तीन सीझन असलेला माणूस.

मी म्हटलं, "रागात बोललो, असं एक वाक्य लिही. संपलं."

"नाही संपत, साहेब." त्याने फोन पुढे केला. ते फाटकावरचं वाक्य कुणीतरी कापून, त्याला ढोल लावून फिरवलं होतं. एका फॅन ग्रुपने तेच वाक्य छापून टी-शर्ट काढले होते. खाली लिहिलं होतं, 'असा कॅप्टन होणे नाही.'

"शिव्या देणारे परवडले. हे प्रेम करणारे आहेत ना, ते मला सोडणार नाहीत. मी जर्सी घालून उतरलो की पहिल्या मिनिटाला हाच व्हिडिओ. विकला गेला म्हणतील. पैसे खाल्ले म्हणतील. जितेशला विकलं म्हणतील."

"जितेशला खरं माहीत आहे."

"जितेश एकटाच आहे, साहेब."

वडील बाजूला बसून ऐकत होते. आता म्हणाले, "अरे, माणूस रागात बोलतो ते देव पण धरून ठेवत नाय. तू कशाला धरतोस?"

"मी नाही धरलंय, पप्पा," तो म्हणाला. "मी तर कधीच सोडलेलं."

त्या कारखान्याच्या पुढाऱ्याचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला. त्याची शपथ कुणी टिपून ठेवली असती, तर तोही बाहेरच राहिला असता, आणि त्याचा मुलगा शिकून मॅनेजर झाला असता की नाही, देव जाणे. मी सरबत संपवलं आणि निघालो. जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या ग्लॅडविनने विचारलं, "टर्फचं काम खरंच करतील ना ते?" करतील, म्हटलं. केलंही.

जितेश आठ महिन्यांनी पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. ग्लॅडविन घोडबंदर रोडच्या एका शाळेत पीटी शिकवतो. दुसऱ्या क्लबांनी बोलावलं नाही. त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता, आणि भांडखोर कॅप्टन कुणालाच नको असतो. मेहुलभाई एकदा मला म्हणाले, "मी त्याला आजही घेतो, साहेब, पण तो येणार कसा?" माझ्या नोंदीप्रमाणे ही केस यशस्वी आहे. सर्व मागण्या मान्य, तंटा निकाली.

अजूनही अधूनमधून कुणी सोसायटीचा, शाळेचा, छोट्या कंपनीचा वाद घेऊन माझ्याकडे येतं. पूर्वी मी पहिला प्रश्न विचारायचो, तुमच्या मागण्या काय. आता विचारतो, "कुठे काही बोलून बसला आहात का?" बहुतेक जण बोलून बसलेले असतात. मग मी चहा मागवतो आणि त्यांना आधीच सांगतो, भांडण मिटेल, पण तुमचं मिटेलच असं नाही.