चांगुणाबाईंची रॅम

डोणगावात माझं झेरॉक्सचं दुकान, आणि शेजारी जुनेदचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. त्यामुळे चांगुणाबाईंच्या कॉम्प्युटरचं दुखणं मला घरच्या माणसाच्या दुखण्यासारखं पाठ झालं होतं.

बाई शाळेच्या कार्यालयात टायपिंग करून निवृत्त झाल्या. नवरा, कचरू, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा प्रसेनजित बंगळूरला असतो. त्यानं जाताना आपला जुना कॉम्प्युटर आईकडे ठेवला. बाई त्यावर पत्ते खेळत. एकट्यानं खेळायचा डाव तो. हरलं तर हसायला कोणी नाही, जिंकलं तर चिडायला कोणी नाही. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायच्या, तेवढंच चार माणसांत बसणं. एरवी त्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता, आणि तक्रार करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा लाईट गेली आणि अशी जोरात आली की मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. जुनेदनं नवा बसवला. दोनच दिवसांत फोन आला, की मशीन चालू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा, आतून नुसतं टीं टीं. आतली रॅमची पट्टी धुळीमुळे नीट टेकत नव्हती. त्यानं ती काढून खोडरबरानं घासली आणि तिला धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत दाबून बसवली. मशीन सुरू. बाई शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. मग चहा, चिवडा, आणि त्याच्या अम्मीची, राबियाची चौकशी.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. नंतर पुन्हा.

"अजून हात नाही बसला बे तुहा," मी चिडवायचो. पोराला ते लागायचं. दुरुस्त केलेलं मशीन सारखं बंद पडतं म्हटल्यावर गावात नाव खराब होतं. शेवटी वैतागून त्यानं पट्टी बसवली आणि दोन्ही खटक्यांवर गरम गोंद ओतला. आता भूकंप झाला तरी हलत नाही, असं मला येऊन ऐटीत सांगितलं. त्या दिवशी बाईंनी चहा दिला, पण चिवड्याचा डबा काही काढला नाही म्हणे.

मग फोन बंदच झाले. जुनेद खुश होता. एक दिवस माझ्या दुकानात बसला असताना बाईंचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला.

"जुनेद, मशीन चालू हाय."

"बरं मावशी. मंग?"

"काही नाही. सांगाले केला."

फोन सुरूच राहिला. मागं कुकरची शिट्टी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "ठेव मंग."

जुनेदनं फोन खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "मी गेलो का खोडरबर टेबलावर तयारच राहे. मी मशीन खोलाच्या आधी. अन् खटके त आपोआप उघडत नाहीत, अंगठ्यानं दाबा लागते."

मला फार वाईट वाटलं. घरी माणूस यावा म्हणून बाई मशीन बंद पाडत होत्या, आणि आमच्या या हुशार कारागिरानं ती वाटच गोंदानं बुजवली होती.

आम्ही दोघंही गेलो. दारातच बाई गडबडल्या. "म्या त नाही बोलावलं. चालू हाय मशीन."

"पाहून घेतो एकदा," म्हणत जुनेदनं झाकण काढलं. गोंदावर चमच्यानं खरवडल्याच्या खुणा होत्या. त्यानं पाहिल्या, मीही पाहिल्या. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

 जुनेदनं बसून सगळा गोंद खरवडून काढला, झाकण लावलं, सामान पिशवीत भरलं.

"बिघडलं त फोन करजा, मावशी."

बाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "अन् नाही बिघडलं त?"

जुनेदनं पिशवीतला स्क्रू फिरवायचा पेचकस परत काढून टेबलावर ठेवला. "मंग हा इथंच राहू द्या. रविवारी घ्याले येतो."

बाईंनी चिवड्याचा डबा काढला.

तेव्हापासून जुनेद कामाला माझाच पेचकस मागून नेतो. आपला आणायला दर रविवारी बाईंकडे जातो, आणि तिथंच विसरून येतो.