सलूनच्या खुर्चीची गाडी

माझ्या मामाने आयुष्यात एकही वस्तू टाकून दिलेली नाही. वस्तूच कंटाळून त्याला सोडून गेल्या. त्याच्या छत्रीचं कापड दोनदा बदललं होतं, दांडीही नवी होती, तरी ती लग्नातलीच छत्री आहे असं तो शपथेवर सांगायचा. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. फेकून देण्याची चटक आपल्याला कारखानदारांनी लावली, दुरुस्ती हा कष्टकऱ्याचा स्वाभिमान आहे, असं पत्रक मी स्वतः लिहून रोह्याच्या बाजारात वाटलं होतं. त्यामुळे सगळं घर विरोधात गेलं तरी मामाचं वकीलपत्र माझ्याकडे असायचं.

खटला त्याच्या गाडीचा होता. इंजिन एका गाडीचं, दारं दुसरीची, दिवे ट्रॅक्टरचे. वायपरला दोरी बांधलेली, ती शेजारी बसणाऱ्याने ओढायची. पण खरी कमाल पुढच्या सीटची. मामी एकदा पडली, तेव्हापासून तिचा गुडघा वाकत नव्हता. कुठल्याही गाडीत शिरताना पाय दारात अडायचा. मामाने बंद पडलेल्या एका सलूनमधली फिरती खुर्ची आणली आणि सीटच्या जागी बोल्टने आवळली. खुर्ची बाहेर वळवायची, मामीने बसायचं, मामाने तिला आत फिरवायचं. फिरवताना तो दर वेळी विचारायचा, "दाढी का कटिंग?" मामी हसायची नाही, पण पदर सावरून ऐटीत बसायची.

तिला जायचं असायचं पेणजवळच्या जोह्याला. तिथे तिच्या भावाचा गणपतींचा कारखाना, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मामीकडे, लग्नाआधीपासून. श्रावणात मामा तिला सोमवारी सोडायचा, शनिवारी आणायचा. गुडघा गेला तेव्हा ती दुखतंय म्हणून रडली नाही, आखणी सुटेल म्हणून रडली. आणि गाडी तर दर खेपेला कुठे ना कुठे बंद पडायची. नवी घ्या, असं त्यांची मुलगी सांगायची. नवीत ही बसेल कशी, असं मामा विचारायचा. मी मामाच्या बाजूने भाषण करायचो.

अशाच एका सोमवारी वाटेत गडब गावाजवळ गिअरचा दांडा उपटून मामाच्या हातात आला. त्याने तो शांतपणे मागे माझ्याकडे दिला, पाना काढला आणि बोल्ट सोडवून खुर्चीच बाहेर घेतली. जोह्याकडे परत चाललेला मूर्तींचा रिकामा टेम्पो थांबला. मामीला खुर्चीसकट वर चढवलं, भोवती पेंढा लावला, दोरीने बांधलं आणि आम्ही दोघंही मागे चढलो. रस्त्याकडेच्या एका भाजीवालीने हात जोडले. जोह्यात टेम्पो वळताच मामीचा भाऊ हातातलं काम टाकून धावत आला. त्याला वाटलं, मूर्ती परत आली.

मामी चिडली नाही. खाली उतरल्यावर लुगड्यावरचा पेंढा झटकत मामाला म्हणाली, "मला हितं कामाला यायचं हाय, मिरवणुकीनं नाय." मग माझ्याकडे वळली. "आणि तुझ्या तत्त्वाला गुडघा नाय रे, म्हणून ते कुठंपण बसतंय."

गिअरचा दांडा अजून माझ्या हातातच होता; तो मी पाठीमागे लपवला.

दुसऱ्याच दिवसापासून मामा पेणमध्ये सुतळी घेऊन जुन्या व्हॅन बघत हिंडू लागला. किंमत विचारायचा नाही, दाराची रुंदी मोजायचा. सरकत्या दाराची एक पसंत पडली. विकणारा कौतुकाने इंजिन ऐकवू लागला, तर मामा म्हणाला, त्याचं नंतर बघू. पेणच्याच गॅरेजात खुर्ची आत बसवली. शनिवारी मामीला न्यायला गेलो. ती बसली, वळली, पाय अलगद आत गेला. मामाने असा श्वास सोडला, जणू तो गेली काही वर्षं कोंडूनच ठेवला होता. मलाही हायसं वाटलं. कुठल्याही पत्रकात हे मी छापणार नाही. जुनी गाडी न्यायला भंगारवाला आला तेव्हा मात्र मामा काहीतरी काम काढून नागोठण्याला निघून गेला.

पुढच्या सोमवारी आम्ही कुठेही न थांबता जोह्याला पोचलो. कारखान्याला अजून कुलूप होतं. गाडीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मामा बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला.

"काय तरी बोल गो."

"काय बोलू? गाडी बंद पडली की बोलायचो आपण."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. मामी उतरली, पाय ओढत दोन पावलं गेली. तेव्हा मामाने काच खाली केली आणि म्हणाला, "शनिवारी येताना थांबू की कुठंतरी. त्याला गाडी बिघडायला कशाला पायजे."