असंच पाठवत जा

सेलूच्या जिनिंगात वीरुपाक्षने फिटर म्हणून आजवर बत्तीस हंगाम काढले. जिनचे रोलर बदलायचे, पट्टे ताणायचे, बेअरिंग तापलंय का ते हात लावून बघायचं. कापसाचा हंगाम सुरू झाला की त्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसालाही ओरडून बोलावं लागे. कानाला जपावं असं त्याला कधी सुचलं नाही. फारच झालं तर समोर पडलेल्या रुईचा बोळा कानात कोंबायचा.

घरी आला की मात्र तो मुद्दाम आणखी आवाज ऐके. रॉक. ही खोड परभणीच्या आयटीआयमध्ये लागली होती. तिथं त्याच्या खोलीत गंगाखेडचा लिंबाजी होता. लिंबाजीचा चुलतभाऊ औरंगाबादला कंपनीत होता आणि तो दर दिवाळीला इंग्रजी कॅसेटी आणून देई. दोघांनाही इंग्रजी बेताचंच. त्यांनी कव्हरावरच्या चित्रांवरून अल्बमना आपलीच नावं ठेवली. एक ‘पिवळं दार’, एक ‘कोरडी नदी’, एक ‘तीन घोडे’.

वडील गेले तेव्हा वीरुपाक्षला सगळ्यांसमोर रडू आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी ‘कोरडी नदी’ची दुसरी बाजू लागली. त्यात गाणारा माणूस एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राही. ती ऐकताना त्याला रडू फुटलं. शब्द एकही कळला नव्हता. ‘पिवळं दार’ लागलं की पहिला पगार आठवे. ‘तीन घोडे’ लिंबाजीला आवडे. ते लग्नातल्या बँडसारखं वाटतं, म्हणून वीरुपाक्ष त्याला चिडवायचा.

शिकणं संपलं. लिंबाजी गंगाखेडला साखर कारखान्यात लागला. आधी पत्रं, मग फोन, मग मोबाईल. दर रविवारी लिंबाजी एक नवा अल्बम पाठवी आणि वीरुपाक्षने तो ऐकून काय वाटलं ते सांगायचं. तीस वर्षं या दोघांत संसाराचं बोलणं फारसं झालं नाही; लिंबाजीच्या बायकोचं, तानूचं नावही क्वचितच निघे. जे काय सुखदुःख असेल ते ‘हे ऐक’ म्हणून पाठवायचं.

वीरुपाक्षचा डावा कान आधी गेला. पहिल्यांदा झांजेचा बारीक आवाज हरवला, मग गिटार, मग गाणाऱ्याचा गळा. दोन वर्षांपूर्वी उजवाही गेला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, “नस वाळली. आता मशीन लावा.” मशीन लावून समोरच्या माणसाचं सावकाश बोलणं कळे, पण फोनवरचं काही कळेना, आणि गाणं म्हणजे नुसता पत्रा घासल्यासारखं.

ही गोष्ट त्यानं लिंबाजीला सांगितली नाही. सांगितलं तर तो पाठवायचं बंद करील, आणि मग बोलायला उरणार काय? फोन आला की तो उचलत नसे. नंतर लिहून कळवी, ‘रेंज न्हाई.’ लिंबाजी कधीमधी बोलून निरोप पाठवी, तो मुलगी शिवकन्या ऐकून सांगे. अल्बमचं मात्र तो स्वतःच लिही. जुन्या कॅसेटींची आठवण होती, त्यातलंच काहीबाही.

माघातल्या एका रविवारी शिवकन्या परीक्षेसाठी परभणीला गेली होती. सोबत तिची आई. सकाळी लिंबाजीचा अल्बम आला. दुपारी त्याच्याखाली दोन मिनिटांचा बोललेला निरोप आला. अल्बमविषयीच बोलला असेल, असं वीरुपाक्षला वाटलं. त्यानं लिहिलं, ‘ऐकलं. लय आवडलं. शेवट तर एकदम भारी. असंच पाठवत जा.’

त्यावर उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी अल्बम आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा त्यानं शिवकन्येपुढे मोबाईल धरला. “लिंबाकाका काय म्हणाला होता बघ बरं.”

तिनं ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. मग वहीचं पान फाडलं आणि लिहू लागली. वीरुपाक्षनं पान हातात घेतलं.

‘विरू, तानू गेली रे. पाणी भरता भरता पडली, दवाखान्यात न्यायच्या आधीच. पोरगी पुण्याहून निघालीय. घर माणसांनी भरलंय पण मला कुणाशी बोलता येईना. तू ये.’

त्याच्याखाली शिवकन्येनं लिहिलं होतं, ‘अप्पा, तुम्ही काय उत्तर दिलंत ते मी वाचलं.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो परभणीला गेला आणि तिथून एसटीनं गंगाखेडला. लिंबाजी ओट्यावर बसला होता. मुंडण केलेल्या डोक्यावर खुरटे केस उगवले होते. त्यानं वर पाहिलं, पण ये म्हणाला नाही.

“लिंबा, मला ऐकू येत न्हाई,” वीरुपाक्ष उभ्यानंच म्हणाला. “दोन वर्षं झाली. फोनवरचं तर काईच न्हाई.”

लिंबाजी त्याच्या कानातल्या मशीनकडे बघत राहिला. मग तोंड त्याच्या समोर आणून सावकाश बोलला, “मग इतके दिवस काय लिव्हायलास तू?”

“जुन्यावरनं.”

“मला वाटलं, माझ्या पसंतीचं तुला आता आवडंना. मन राखायलास. ते शेवट भारी हाय म्हणलास, ते मी चारदा वाचलं. पोरीला दाखवलं. ती म्हणली, बाबा, त्या माणसाचं नाव काढू नका.”

“चुकलं माझं.”

“तेरावं झालं परवाच. त्या दिवशीबी मी रस्त्याकडं बघायलो होतो.”

वीरुपाक्ष ओट्याच्या कडेला बसला. लिंबाजी उठला, आत जाऊन चहा करून आला. साखर घालायची राहिली होती. दोघांनी तो तसाच प्याला. निघताना लिंबाजी स्टँडपर्यंत आला नाही, ओट्यावरूनच हात वर केला.

महिनाभर काही आलं नाही. मग एका रविवारी लांबलचक मजकूर आला. एका बोटानं टाईप केलेला, ऱ्हस्वदीर्घाची वाट लागलेली. लिंबाजीनं एक अल्बम ऐकून त्यात काय काय वाजतं ते लिहून काढलं होतं. सुरुवातीला नुसता ढोल, जरा दबकत. मग दोन गिटारी, एक पुढं पळणारी, एक तिला थांब म्हणणारी. शेवटी त्यानं लिहिलं होतं, ‘तानूला ह्या गाण्यांची लय चीड होती. भांडी आपटायलेत का म्हणायची. मी बारीक करायचो. आता मोठ्यानं लावलं तरी कुणी काय म्हणत न्हाई, म्हणून लावूच वाटंना. तुला लिव्हायचं म्हणून आज लावलं.’

वीरुपाक्षनं ते जिनिंगच्या भिंतीला टेकून वाचलं. आत मशिनी चालू होत्या, हे त्याला पाठीला कळत होतं. उत्तर लिहायला त्याला सगळी जेवणाची सुट्टी लागली. ‘सेलूला ये. चार दिवस ऱ्हा. तानूबद्दल सांग. समोर बसलास तर मला कळतं.’

उसाचं गाळप संपलं की येतो, असं लिंबाजीनं कळवलं. गाळप संपून दोन महिने झाले. रविवारचा मजकूर येतो, लिंबाजी अजून आलेला नाही.