गायीला पाजलेलं तेल

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते गोचिडासारखे आपणच चिकटतात. निजामाच्या अमलात मी बीडच्या अशाच एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. वर आमचे सलोतरी साहेब, म्हणजे गुरांचे डॉक्टर. हैदराबादचे. शेरवानीला शेण लागलं तरी बोलणं अत्तराचं! एकदा त्यांच्या डोक्यात बसलं, की गाय जे तेल खाते त्याचा गुण तिच्या लोण्यात उतरतो. झालं! आमचा दवाखाना राहिला बाजूला, तेलाचीच चर्चा सुरू झाली.

*

साहेबांनी पहिलं स्पीच दिलं पाली गावात. "गायीला थोडं तेल द्या, दुधाची तासीर बदलेल."

दगडू नावाचा शेतकरी उठला. "साहेब, तेल गायीत वतायचं का थेट दुधात?"

"दुधात ओतशील तर जेल, गायीत ओतशील तर तरक्की!"

दगडूला तरक्कीची लई घाई. त्यानं गायीला करडईचं तेल तांब्यानं पाजलं. गाय दोन्ही वेळा पातळ हागली, दूध आटलं, साय तर दिसेनाच. तक्रार घेऊन दवाखान्यात आला.

"साहेब, तेल दुधात उतरलंच न्हाई. मागनंच गेलं!"

"अरे, थोडं म्हटलं होतं मी!"

दगडूची बायको सोबत होती. ती म्हणाली, "त्येच तेल ह्यांच्या टाळक्याला चोळलं असतं, तर कायतरी उपेग झाला असता."

*

उमापूरच्या पाटलीणबाई हौशी. त्यांनी गायीला सरकी चारायचा सपाटा लावला. थंडीचे दिवस, त्यात सरकीचं लोणी! गोळा असा टणक झाला, की त्यावर टेकवलेली भाकरी मोडली, लोण्याला ओरखडासुद्धा नाही. नेमका जावई जेवायला आलेला.

"मामी," तो म्हणाला, "हे खायाचं, का ह्याच्यावर टाच घासायची?"

पाटलीणबाई तणतणत आमच्याकडे आल्या. साहेब म्हणाले, "सरकी कमी करा."

"जावई कमी करायचं काही औषध न्हाई का?"

*

लिंबागणेशला उलटंच झालं. तिथल्या एका घरी गायीला जवस सुरू केला. लोणी इतकं मऊ, की गोळा वळला की बसकण मारायचा. सासूनं बोंब ठोकली, "सुनेनं लोण्यात तेल मिसळलं!" सून रडून बेजार. माहेरी धाडायची भाषा सुरू झाली. पंच बसले, साहेबांना बोलावणं गेलं.

साहेब तट्टावरून गेले. लोणी बोटांत चोळलं, हुंगलं, गव्हाणीत डोकावले आणि निकाल दिला, "तेल मिसळलंय खरं. मगर सूनने नहीं, गायने!"

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, की जवसानं लोणी मऊ पडतं, सरकीनं घट्ट होतं. सुनेनं डोळे पुसले.

सासू मात्र विचारात पडली. "मग साहेब, जवस खाऊ घातला तर सून बी मऊ पडंल का?"

सून पदराआडून म्हणाली, "आदी आत्याबाईंना चारून बघा!"

*

बीडात कासीमभाईंचा तेलाचा घाणा होता. तिथं संध्याकाळी आमची बैठक बसायची. एकदा एक पैलवान आला. म्हणाला, "तेल गायीला, गायीचं लोणी मला. मधी गाय कशाला पाहिजे बे?" आणि जवसाच्या तेलाचं भांडं तोंडाला लावलं!

जरा वेळानं तो धोतर सावरत आमच्या दवाखान्याच्या दारात उभा. मी म्हटलं, "पैलवान, हा गुरांचा दवाखाना हाय."

साहेब आतून म्हणाले, "आने दो. मरीज बरोबर जगह आया है!"

*

मग खुद्द तालुकदारांना, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांना, हे प्रकरण बघायचं होतं. जमलं तर साहेबांची वाहवा, फसलं तर बदली. दोन गायी आणल्या, एक सरकीवरची, एक जवसावरची. जवसावरची दगडूची. आता तो सुधारला होता, बेतानं चारायचा.

परातीत दोन गोळे ठेवले. सरकीचा ताठ उभा, जवसाचा पसरलेला. तालुकदारांना दातच नव्हते. त्यांनी मऊ लोणी बोटावर घेऊन चाटलं आणि डोळे मिटले.

"वाह! ये गाय हमारे बंगले पो भेजो!"

दगडूचा चेहरा पांढराफटक. घरात तेवढी एकच गाय, आणि हुकूम तालुकदारांचा. साहेबांची मान खाली गेली.

दगडू हात जोडून पुढं झाला. "न्या हुजूर. पर संगं मला बी न्या. आदी मी चावून तोंडात दिल्याबिगर ती जवसाला तोंड लावत न्हाई."

तालुकदारांनी साहेबांकडं बघितलं. जन्मात खोटं न बोललेले आमचे साहेब घसा खाकरून म्हणाले, "दुरुस्त है, हुजूर. दोघं मिळूनच खातात."

तालुकदारांचं दुसऱ्यांदा तोंडाकडं निघालेलं बोट वाटेतच थांबलं.

"तो फिर सलोतरी," ते हळूच म्हणाले, "ये मक्खन... असल में किसका है?"

साहेब उत्तर शोधेपर्यंत दगडू गाय घेऊन पालीच्या वाटेला लागलाही होता!